कोविड–१९ : यंत्र-अध्ययनाद्वारे फलानुमान

कोविड–१९ : यंत्र-अध्ययनाद्वारे फलानुमान : करोना व्हायरसाच्या (सार्स-कोव्ह-२) संसर्गाने आजारी पडलेल्या व्यक्तीचा रोग पुढे कोणते वळण घेईल, याचा पूर्वीच्या रुग्णांच्या नोंदींवरून संगणकाच्या साहाय्याने केलेला अंदाज. रोग कोणता हे ठरविणे म्हणजे निदान. रोगाची पुढील वाटचाल व शेवट यांविषयी आधी मत देणे म्हणजे फलानुमान. कोविड–१९ मध्ये मृत्यू, अतिदक्षता विभागात हलविण्याची गरज, कृत्रिम श्वसनयंत्राची गरज व बाहेरून ऑक्सिजन देण्याची गरज यांपैकी एखादी घटना ठराविक मुदतीत घडेल काय, असा प्रश्न सामान्यतः विचारला जातो. उत्तर ‘होय’ अथवा ‘नाही’ असे नसून संभाव्यतेच्या रूपात मिळते. एखाद्या रुग्णाच्या मृत्यूची संभाव्यता ३० टक्के आहे याचा अर्थ, त्याच्यासारखी लक्षणे व तपासण्यांचे निष्कर्ष असलेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे ३० जण पूर्वी दगावले होते, एवढाच होतो. तो स्वतः त्या ३० जणांत मोडेल की उरलेल्या ७० जणांत, हे या आकड्यावरून सांगता येत नाही.

पूर्वपीठिका : फलानुमान हे वैद्यकाचे फार जुने अंग आहे. आयुर्वेदात रोगाच्या साध्यासाध्यतेचा विचार चिकित्सेपूर्वी करावा असे सांगितले असून चरकसंहितेतील ‘इंद्रियस्थान’ हे संपूर्ण स्थान मृत्युसूचक अरिष्ट लक्षणांच्या वर्णनास वाहिलेले आहे. ग्रीक वैद्यकात हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहातही या विषयावर स्वतंत्र ग्रंथ आहे. विसाव्या शतकात या अनुभवजन्य विचारास अंकांची जोड मिळाली. व्हर्जिनिया ॲपगार या अमेरिकन भूलतज्ञ स्त्रीने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेली नवजात बालकांची गुणपद्धती, अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी विल्यम क्नाउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेली ‘अपाचे’ पद्धती आणि न्यूमोनियासाठी २००३ मध्ये ब्रिटिश संशोधकांच्या पुढाकाराने पुढे आलेली ‘कर्ब-६५’ ही मोजणी ही याची प्रसिद्ध उदाहरणे होत. ‘कर्ब-६५’ मध्ये मानसिक गोंधळ, रक्तातील यूरिया, श्वसनाचा वेग, रक्तदाब व ६५ किंवा अधिक वय या पाचांपैकी प्रत्येकास एक गुण दिला जातो. रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून बोटांवर करता येईल इतकी ही मोजणी सोपी आहे.

या पद्धतींत कोणत्या गोष्टी मोजावयाच्या ते मुख्यतः वैद्यांनी ठरविले व त्यांचे वजन संख्याशास्त्राने काढले. यंत्र-अध्ययनात ही निवडही बऱ्याच अंशी संगणकावर सोपविली जाते. ही संज्ञा आर्थर सॅम्युएल यांनी १९५९ मध्ये सोंगट्यांचा खेळ खेळण्यास ‘शिकणाऱ्या’ संगणकासंबंधीच्या आपल्या निबंधामुळे रूढ केली.

गरज : जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड–१९ ही जगद्व्यापी साथ असल्याचे जाहीर केले. या रोगाचे एक वैशिष्ट्य असे की, बहुसंख्य रुग्ण विशेष उपचारांवाचून बरे होतात. काहींची प्रकृती मात्र लक्षणे सुरू झाल्यानंतर सुमारे एक आठवड्याने झपाट्याने ढासळते. रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण बरेच खाली गेलेले असूनही रुग्णास धाप जाणवत नाही, असेही पुष्कळदा आढळले. त्यामुळे कोणाला घरी ठेवता येईल, कोणाला रुग्णालयात दाखल करावयाचे आणि अपुऱ्या खाटा, ऑक्सिजन व श्वसनयंत्रे कोणाकरिता राखून ठेवावयाची, हे प्रश्न वैद्यांपुढे रोज उभे राहिले. भारतात २०२१ च्या एप्रिल-मेमधील दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनाचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांची तीव्रता सर्वांनाच जाणवली. त्या काळात महाराष्ट्रात घरच्या घरी सहा मिनिटे चालून त्याआधीचे व नंतरचे ऑक्सिजनाचे प्रमाण बोटाला लावावयाच्या मापकावर पाहण्याची शिफारस करण्यात आली होती. तीही फलानुमानाचीच एक साधी रीत होय. तिला संगणकाची गरज नव्हती.

कार्यपद्धती : प्रथम ज्यांच्या रोगाचा शेवट ठाऊक आहे अशा रुग्णांच्या नोंदी गोळा करतात. वय, लिंग, मधुमेह व हृद्‌रोग यांसारखे सहरोग, नाडी, श्वसनाचा वेग, रक्तातील ऑक्सिजन, रक्ततपासण्या, छातीची क्ष-किरण चित्रे इ. गोष्टी या नोंदींत असतात. त्यांतून संगणक असा गणिती नियम शोधतो की, जो या गोष्टींवरून ज्ञात शेवटाच्या शक्य तितका जवळ जाईल. नियमाचे रूप निरनिराळे असते. लॉजिस्टिक समाश्रयणात प्रत्येक चलास एक वजन मिळून त्यांची बेरीज होते. निर्णयवृक्षात एकामागून एक प्रश्न विचारीत फांद्या फुटत जातात. असे शेकडो लहान वृक्ष रचून, आधीच्या वृक्षांच्या चुका पुढच्याने सुधाराव्यात अशी योजना केल्यास प्रभावी नियम मिळतो. कोविड–१९ च्या संशोधनात ही पद्धत फार वापरली गेली. चित्रांसाठी बहुस्तरी तंत्रिका जालांचा उपयोग करतात.

नियम ज्या नोंदींवरून शिकला त्यांवर तो चांगलाच उतरणार. पाठ केलेली उत्तरे म्हणून दाखविण्यासारखाच तो प्रकार असतो. म्हणून काही नोंदी शिक्षणातून वगळून पडताळ्यासाठी बाजूला ठेवतात. त्याहून कठोर कसोटी म्हणजे दुसरे रुग्णालय, दुसरा देश अथवा नंतरचा काळ यांतील रुग्णांवर घेतलेला बाह्य पडताळा. त्यात दोन गोष्टी पाहिल्या जातात. एक, विभेदनक्षमता : दगावलेला एक व वाचलेला एक अशा दोन रुग्णांपैकी दगावलेल्यास नियमाने अधिक धोका दाखविला असण्याची संभाव्यता. ती ०·५ असल्यास नियम नाणेफेकीइतकाच उपयुक्त आणि १ असल्यास अचूक ठरतो. दुसरी, मेळ : ज्यांना २० टक्के धोका सांगितला त्यांच्यापैकी खरोखर सुमारे २० टक्केच दगावले काय. रुग्णांचा क्रम बरोबर लावणारा नियमही मेळाच्या कसोटीत नापास होऊ शकतो. सर्वांचाच धोका दुप्पट करून सांगितला तरी क्रम बदलत नाही. परंतु अशा आकड्यावर विसंबून उपचार ठरविणारा वैद्य मात्र चुकतो.

वूहानचा निर्णयवृक्ष : चीनमधील वूहान येथील तोंगजी रुग्णालयाच्या ४८५ रुग्णांच्या रक्ततपासण्यांवर आधारलेला एक निबंध मे २०२० मध्ये प्रसिद्ध झाला व जगभर गाजला. त्यात यंत्राने अनेक तपासण्यांमधून तीनच निवडल्या : लॅक्टेट डीहायड्रोजनेज हे ऊतकांच्या हानीमुळे रक्तात वाढणारे एंझाइम, शोथ दर्शविणारे सी-प्रतिक्रियाशील प्रथिन आणि लसीका कोशिकांचे पांढऱ्या कोशिकांमधील शेकडा प्रमाण. एंझाइम दर लिटरमागे ३६५ एककांहून कमी नसल्यास मृत्यू. कमी असून प्रथिन लिटरला ४१·२ मिग्रॅ. हून कमी असल्यास जीवित. प्रथिन अधिक असल्यास लसीका कोशिका १४·७ टक्क्यांहून जास्त असतील तर जीवित, नाहीतर मृत्यू, असा हा अवघ्या तीन प्रश्नांचा वृक्ष होता. तो दहा दिवसांहून अधिक आधी ९० टक्क्यांवर अचूकतेने मृत्यूचे भाकीत करू शकतो, असे प्रतिपादन करण्यात आले. तिन्ही तपासण्या स्वस्त व सर्वत्र होणाऱ्या असल्यामुळे या निष्कर्षाचे आकर्षण समजण्यासारखे आहे.

पुढे न्यूयॉर्क, फ्रान्स व नेदर्लंड्स येथील तीन गटांनी आपापल्या रुग्णांवर हा वृक्ष पडताळून पाहिला. मूळ निबंधातील यश त्यांना आढळले नाही. विशेषतः दाखल होतेवेळच्या तपासण्यांवर नियम लावला असता त्याचा फारसा उपयोग होईना. कारणे शिकवणीच्या रीतीतच होती. वृक्ष रचताना प्रत्येक रुग्णाची अखेरची रक्ततपासणी वापरण्यात आली होती. अखेरची तपासणी दगावलेल्या रुग्णाच्या बाबतीत मृत्यूच्या जवळपासची, तर बऱ्या झालेल्याच्या बाबतीत घरी जाण्याच्या सुमाराची असते. त्या वेळी दोघांतील फरक वैद्याच्या नजरेलाही दिसतो. शिवाय शिकवणीच्या ३७५ रुग्णांपैकी १७४ दगावलेले होते. मृत्यूचे प्रमाण इतके मोठे नसलेल्या रुग्णालयात तोच नियम अनेकांना विनाकारण मृत्यूच्या फांदीवर नेऊन बसवितो.

ब्रिटनमधील चार-सी गुणपद्धती : याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथील २६० रुग्णालयांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या व सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुणपद्धतीचा उल्लेख करावा लागेल. ६ फेब्रुवारी ते २० मे २०२० या काळात दाखल झालेल्या ३५,४६३ रुग्णांच्या नोंदींवरून ती रचली गेली आणि त्यानंतर २९ जूनपर्यंत दाखल झालेल्या २२,३६१ रुग्णांवर तिचा पडताळा घेण्यात आला. पहिल्या गटातील ३२·२ टक्के व दुसऱ्यातील ३०·१ टक्के रुग्ण दगावले होते. पद्धतीत आठ गोष्टींना मिळून ० ते २१ गुण आहेत. वयाला सर्वाधिक म्हणजे ७ पर्यंत गुण मिळतात. पुरुषास १, सहरोगांना २ पर्यंत, मिनिटाला ३० किंवा अधिक श्वसनांना २, ऑक्सिजनाचे प्रमाण ९२ टक्क्यांखाली असल्यास २, शुद्ध हरपत असल्यास २, यूरियाला ३ पर्यंत आणि सी-प्रतिक्रियाशील प्रथिनाला २ पर्यंत गुण आहेत.

कल्पित उदाहरण घेतल्यास, ६४ वर्षांचा (४ गुण) पुरुष (१), मधुमेह हा एकच सहरोग (१), मिनिटाला २४ श्वसने (१), ऑक्सिजन ९० टक्के (२), पूर्ण शुद्धीवर (०), यूरिया लिटरला ८ मिलिमोल (१) व प्रथिन लिटरला १२० मिग्रॅ. (२) अशा रुग्णाचे १२ गुण होतात. पडताळ्याच्या गटात ९ ते १४ गुण मिळालेल्यांपैकी ३१·४ टक्के रुग्ण दगावले होते. ३ किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांत हेच प्रमाण १·२ टक्के, तर १५ व त्यावरील गुणांत ६१·५ टक्के होते. पडताळ्यात विभेदनक्षमता ०·७७ भरली.

या संशोधकांनी त्याच नोंदींवर अनेक वृक्षांची प्रगत यंत्र-अध्ययन पद्धतीही चालवून पाहिली. ती साध्या बेरजेपेक्षा अगदी किंचितच सरस ठरली. हा निष्कर्ष या विषयातील सर्वांत बोधप्रद निष्कर्षांपैकी एक आहे. वय, श्वसन, ऑक्सिजन व मूत्रपिंडाचे कार्य यांतून मिळणारी माहिती बहुतेक संपल्यावर नियम कितीही गुंतागुंतीचा केला तरी त्यातून नवे फारसे निघत नाही. नोंदी किती, कोणाच्या व कोणत्या क्षणाच्या याला मात्र फार महत्त्व राहते.

चित्रांवरील प्रयोग : छातीची क्ष-किरण व संगणकीय छेदचित्रे यांवरून निदान व फलानुमान करण्याचे दावे २०२० मध्ये अक्षरशः शेकड्यांनी झाले. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने त्या वर्षीच्या २,२१२ निबंधांची छाननी करण्यात आली. प्राथमिक निवडीत ४१५ व गुणवत्तेच्या चाळणीनंतर ६२ निबंध उरले. त्यांतील एकही नियम प्रत्यक्ष रुग्णसेवेत वापरण्याजोगा नाही, असा निर्वाळा मार्च २०२१ मध्ये देण्यात आला. काही प्रयोगांत कोविड नसलेल्यांची चित्रे म्हणून एक ते पाच वर्षांच्या मुलांची चित्रे घेतली होती, तर कोविड रुग्ण प्रौढ होते. असा नियम रोगाऐवजी मूल व प्रौढ यांतील भेद शिकण्याचा संभव असतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांना असे नियम फुप्फुसांबाहेरच्या खुणांवर, उदा., चित्राच्या कोपऱ्यातील डावी-उजवी बाजू दर्शविणाऱ्या अक्षरांवरही विसंबत असल्याचे आढळले. त्या खुणा रुग्णालयागणिक वेगळ्या असतात आणि कोविड रुग्णांची चित्रे एका ठिकाणची, इतरांची दुसरीकडची असल्यास यंत्राला रुग्णालय ओळखता आले की काम भागते.

केवळ चित्रांवरील नव्हे, तर सर्वच प्रकारच्या नियमांची स्थिती फारशी वेगळी नव्हती. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सुरू झालेल्या सतत अद्ययावत होणाऱ्या आढाव्यात प्रथम ३१ नियम तपासले गेले. पुढे ही संख्या २३२ झाली, तेव्हाही प्रत्येक नियमात पद्धतीचे दोष असण्याचा धोका मोठा किंवा अस्पष्ट असल्याचे आढळले. आशादायक म्हणून निवडलेल्या दोहोंत चार-सी पद्धतीचा समावेश होता.

नोंदीत दडलेले उपचार : रुग्णाच्या नोंदीत केवळ रोग नसतो, त्याला मिळालेली सेवाही असते. याचे प्रसिद्ध उदाहरण कोविडपूर्व काळातील आहे. १९९०–२००० या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या सुमारे १४,००० रुग्णांच्या नोंदींवरून फलानुमान शिकविले असता, दमा असलेल्या रुग्णांना मृत्यूचा धोका कमी असतो, असा विपरीत नियम यंत्राने काढला. आकड्यांच्या दृष्टीने तो खरा होता. दमेकऱ्यांना न्यूमोनिया होताच थेट अतिदक्षता विभागात दाखल केले जाई व त्या दक्षतेमुळे ते वाचत. हा नियम पाळून त्यांना घरी पाठविले असते, तर ज्या सेवेमुळे आकडा खाली आला तीच नाहीशी झाली असती. नियम उघड वाचता येण्याजोगा होता म्हणून चूक ध्यानात आली. त्याच नोंदींवर चाललेले तंत्रिका जाल अधिक अचूक होते. पण त्याच्या पोटात काय आहे हे कळण्याचा मार्ग नसल्याने ते रुग्णांवर वापरण्यात आले नाही.

कोविड–१९ मध्ये उपचारच सतत बदलत होते. डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने श्वसनयंत्रावरील रुग्णांतील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने व केवळ ऑक्सिजन लागणाऱ्यांतील सुमारे एक-पंचमांशाने कमी होतात, असे ‘रिकव्हरी’ या ब्रिटिश चाचणीवरून जून २०२० मध्ये जाहीर झाले. डिसेंबर २०२० पासून लसीकरण सुरू झाले. २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन हा प्रकार पसरला. त्यामुळे पहिल्या लाटेवर शिकलेल्या नियमाने सांगितलेला धोका पुढील रुग्णांच्या बाबतीत अवास्तव मोठा ठरतो. कोण अधिक धोक्यात व कोण कमी, हा क्रम पुष्कळसा टिकतो. मेळ आधी बिघडतो.

जे नोंदीत आलेच नाहीत त्यांचा प्रश्न निराळा आहे. रुग्णालयाच्या नोंदींवरून शिकलेल्या यंत्राला, खाट न मिळाल्याने घरी किंवा वाटेत दगावलेला रुग्ण माहीतच नसतो. मोजमापाचे उपकरणही सर्वांशी सारखे वागत नाही. बोटाला लावण्याचा ऑक्सिजनमापक त्वचेतून जाणाऱ्या प्रकाशावर चालतो. अमेरिकेतील रुग्णांवरील डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मापक ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना रक्तातील ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत ११·७ टक्के, तर गौरवर्णीयांत ३·६ टक्के आढळले. चार-सी पद्धतीत ९२ टक्के हीच सीमारेषा असल्यामुळे सावळ्या व काळ्या त्वचेच्या रुग्णाचे दोन गुण हुकण्याची शक्यता राहते. भारतासारख्या देशात अशी पद्धती जशीच्या तशी उचलण्यापूर्वी ही बाब विचारात घेणे अगत्याचे आहे.

नैतिक प्रश्न : कमी गुणांच्या रुग्णास घरी पाठविणे व अधिक गुणांच्या रुग्णावर अधिक लक्ष ठेवणे याबद्दल फारसा वाद नाही. वाचण्याची शक्यता कमी म्हणून साधने नाकारण्याकरिता गुण वापरावयाचे काय, हा खरा वादाचा मुद्दा होय. नाकारल्यामुळे रुग्ण दगावला, तर ती नोंद नियम बरोबर असल्याचा पुरावा म्हणून जमा होते आणि पुढील शिकवणीत तोच नियम अधिक पक्का होतो. इंग्लंडमध्ये २० मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत अतिदक्षता उपचारांचा निर्णय घेताना रुग्णाची दुर्बलता मोजणारी श्रेणी वापरण्यास सांगितले होते. ती वयोवृद्धांसाठी तयार झालेली असून रोजच्या कामात दुसऱ्याचा आधार लागणाऱ्या व्यक्तीस तीत वरचा अंक मिळतो. त्यामुळे अध्ययन-अक्षम व स्वमग्न तरुणांवर अन्याय होईल, असा आक्षेप त्यांच्या संघटनांनी घेतला. पाच दिवसांतच मार्गदर्शिका बदलून तरुण व्यक्ती, दीर्घकालीन स्थिर अपंगत्व, अध्ययन-अक्षमता व स्वमग्नता असलेल्यांना ही श्रेणी लावू नये, असे स्पष्ट करण्यात आले. ही श्रेणी यंत्राने शिकलेली नव्हती. वैद्यांनी रचलेल्या व सर्वांना वाचता येणाऱ्या मापाच्या बाबतीत आक्षेप निदान घेता आला. बंदिस्त नियमाच्या बाबतीत तो कोणी व कशाच्या आधारे घ्यावयाचा, हे अद्याप पुरते ठरलेले नाही.

नंतरच्या घडामोडी : एकाच रुग्णालयाच्या नोंदी अपुऱ्या पडतात आणि रुग्णांची खाजगी माहिती देशाबाहेर पाठविता येत नाही, या दुहेरी अडचणीवर ‘संघीय अध्ययन’ हा उपाय पुढे आला. त्यात नोंदी जागच्या जागी राहतात. नियमाची प्रत रुग्णालयोरुग्णालयी शिकून केवळ सुधारलेली वजने मध्यवर्ती ठिकाणी पाठविते. जगातील २० संस्थांनी या रीतीने छातीचे क्ष-किरण चित्र, रक्ततपासण्या व नाडी-श्वसनादी मोजमापे यांवरून, तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला २४ व ७२ तासांनी किती ऑक्सिजन लागेल याचे अनुमान केले. त्याचा वृत्तांत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेका संस्थेने स्वतंत्रपणे शिकविलेल्या नियमांपेक्षा हा संयुक्त नियम सरस ठरला. त्याचा लाभ कमी नोंदी असलेल्या लहान संस्थांना विशेष झाला.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड–१९ विषयीची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे घोषित केले. साथीच्या पहिल्या वर्षात रचलेले बहुतेक नियम एकाही रुग्णासाठी न वापरता मागे पडले. असे नियम प्रसिद्ध करताना कोणते रुग्ण घेतले, कोणते वगळले, मोजमापे केव्हाची होती व पडताळा कोठे घेतला हे सांगण्यासाठी २०१५ मध्ये केलेली ‘ट्रायपॉड’ ही मार्गदर्शक सूची यंत्र-अध्ययनाचा समावेश करून सुधारण्यात आली. २७ कलमांची ही नवी सूची एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.